जंगलात टिकायचं कोणाकडून शिकायचं? गावचा म्हातारा, जुने साहेब की यूट्यूबवाले, कसं पारखायचं ते सांगतो

दोन वर्षांआधी मे महिन्यात माझा भाचा नागपूरहून तीन मित्रांना घेऊन गावी आला. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागूनच. पोरं तयारीनं आली होती, स्वीडनचा मोरा चाकू, आग पेटवायचा फेरो रॉड, पॅराकॉर्ड, हॅमॉक, सगळं. एक रात्र ग्रामसभेच्या जंगलात काढायची, त्यांनी व्हिडीओत पाहिलं तसं. माझे आबाजी बाजेवर बसले होते, त्यांनी एकच विचारलं, "पानी किती आनलं बाबू?" चौघांत मिळून चार लिटर होतं. आबाजींनी काही वाद घातला नाही, मला म्हणाले दोन कॅन भर आन गाडीत टाक.

हिशोब सोपा आहे. ४४-४५ डिग्रीत चालणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, म्हणजे ते पाणी चौघांना एका तासाचं होतं. पोरं मूर्ख नव्हती, उलट भरपूर वाचलेली होती, फक्त त्यांनी जे वाचलं ते दुसऱ्या जंगलाचं होतं. तेव्हापासून मला कोणी विचारलं की दादा हे सगळं शिकायचं तर कोणाचं ऐकू, तर मी जे सांगतो ते इथं लिहून ठेवतो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की जागा म्हाताऱ्याकडून शिका आणि शरीर डॉक्टरकडून शिका, आणि व्हिडीओवाला असो की जुना साहेब, तो कोणत्या जागेचं बोलून राहिला ते आधी पाहा.

सगळ्यात पहिले विचारायचं, हा माणूस कोणत्या जंगलाचा?

बुशक्राफ्ट, म्हणजे जंगलात थोड्या सामानावर राहायची विद्या, त्यातलं मोठं नाव म्हणजे मॉर्स कोचान्स्की, कॅनडाचा, १९४० चा जन्म, २०१९ ला गेला. चाकू आणि कुऱ्हाड कशी धरायची, लाकूड कसं फोडायचं, हे त्याच्याइतकं बारकाईनं कमी लोकांनी सांगितलं असेल आणि ते आपल्यालाही कामाचं आहे. पण तो बर्फातल्या जंगलाचा माणूस, तिथं थंडी आधी मारते म्हणून आग आणि निवारा पहिले. आपल्याकडे मे महिन्यात ऊन मारते. तो क्रम जसाच्या तसा इथं आणला तर माणूस भर दुपारी लाकडं तोडत बसेल आणि त्यातच लू लागून पडेल. तो तीनचा नियम पण असाच, हवेशिवाय तीन मिनिटं, पाण्याशिवाय तीन दिवस, जेवणाशिवाय तीन आठवडे. आपल्या उन्हाळ्यात चालत्या माणसाला पाण्याचे तीन दिवस कुठून आले, एका दुपारीच खेळ संपू शकतो.

दुसरं विचारायचं, हा शिकला कोणाकडून?

हे मला फार महत्त्वाचं वाटते. अमेरिकेत १८८४ मध्ये जंगलात हलकं सामान घेऊन कसं राहायचं यावर पुस्तक लिहिणारा जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स, तो 'नेसमुक' या नावानं लिहायचा, आणि हे नाव त्यानं घेतलं लहानपणी त्याला रानात फिरवणाऱ्या नॅरागॅन्सेट आदिवासी माणसाचं. पुढं त्यानं साडेदहा पौंडाची, म्हणजे पावणेपाच किलोची होडी बनवून घेतली आणि ती उचलून तळ्यातळ्यानं फिरला. होरेस केफार्ट हा अमेरिकेतलाच ग्रंथपाल, १९०४ मध्ये स्मोकी डोंगरात जाऊन राहिला आणि तिथल्या डोंगरी लोकांत शिकला. जिम कॉर्बेटला पोरवयात जंगल दाखवलं ते कालाढुंगीकडच्या कुंवर सिंग नावाच्या चोरट्या शिकाऱ्यानं. आणि आपले मारुती चितमपल्ली, वनखात्यात ३६ वर्षं काढलेला माणूस, ते तर जन्मभर सांगत आले की हे आपण आदिवासींकडून, नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून शिकलो. म्हणजे ज्याला आपण जुना एक्स्पर्ट म्हणतो त्याच्या मागं पण एक गावचा म्हातारा उभाच असते. आपल्याकडे तो म्हातारा अजून जिवंत आहे, दोन घरं सोडून राहते, तर थेट त्याच्याकडेच का जाऊ नये?

टीव्हीवाल्यांबद्दल इतकंच की सगळे सारखे नाहीत. लेस स्ट्राउड कॅमेरे स्वतः उचलून एकटाच शूट करायचा त्यामुळे त्याचा कंटाळा, थकवा, आज काहीच खायला नाही मिळालं हे सगळं दिसते, आणि शिकायला तेच कामाचं. बेअर ग्रिल्सच्या कार्यक्रमात सूचनाच येते की काही प्रसंग दाखवण्यासाठी घडवलेले आहेत आणि सोबत टीम असते, तर ती सूचना मनावर घ्या आणि त्याच्यासारखं कड्यावरून उड्या मारायला जाऊ नका. पाय मुरगळला तर तुम्हाला न्यायला हेलिकॉप्टर येणार नाही, बैलगाडी आली तरी नशीब.

आता एकेक गोष्ट घेऊ. पाण्यापासून.

व्हिडीओत हमखास एक युक्ती दाखवतात, जमिनीत खड्डा खोदा, वरून प्लास्टिक ताणा, मधात गोटा ठेवा, खाली भांडं. याला सोलर स्टिल म्हणतात, १९६५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी हे मांडलं होतं. पाणी निघते, खोटं नाही. पण दिवसभरात चांगलं जमलं तर लिटरभर आणि खड्डा खोदायला घाम जातो त्याहून जास्त. आबाजींची पद्धत अशी की नाल्याच्या वळणावर बाहेरच्या बाजूला, जिथं पाणी काठाला घासून गेलेलं असते, जिथं रेती हाताला थंड लागते आणि वर जांभूळ, करंज नाहीतर उंबर हिरवंगार उभं आहे, तिथं हातभर रेती काढायची. झिरा लागतो. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं, मग थांबायचं, मग निवळ येते. कोणता नाला मे मध्ये पण झिरा देते आणि कोणता फसवते हे कोणत्याच पुस्तकात नाही. आमच्याकडे ऐनाच्या जुन्या खोडाला कधी कधी फुगीर गाठ येते, त्यात पाणी असते हे पण जुन्यांना माहीत आहे, पण प्रत्येक ऐनात नसते, त्यामुळे त्याच्या भरवशावर निघायचं नाही आणि विनाकारण झाडं तर बिलकुल फोडायची नाहीत.

इथंच म्हाताऱ्याचं ऐकणं थांबवायचं. आबाजी म्हणतात झिऱ्याचं पाणी शुद्ध असते, आम्ही जन्मभर पिलो. दिसायला शुद्ध असते. त्याच नाल्यात वर गुरं बसतात, जुलाब, कावीळ, टायफॉइड डोळ्यानं दिसत नाही. तुरटी फिरवली, निवळीचं बी घासलं तर गाळ खाली बसते पण जंतू मरतीलच असं नाही. म्हणून कापडानं गाळा आणि खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच राहू द्या, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या खिशात ठेवा. पाणी शोधणं जुन्याचं, पाणी पिणं नव्याचं.

उन्हाचं पण तसंच आहे. डोक्याला ओला दुपट्टा, अकरानंतर सावलीत, पहाटेच निघायचं, तुंब्यातलं गार पाणी, कैरीचं पन्हं मीठ घालून, हे सगळं बरोबर आहे आणि पन्ह्यात साखर-मीठ दोन्ही असल्यानं तर फारच चांगलं. खिशात कांदा ठेवल्यानं मात्र लू थांबत नाही. एखादा माणूस बडबडायला लागला, चालताना झोकांड्या जाते, अंग भट्टीसारखं तापलं, तर पन्हं पाजत बसू नका, शुद्ध धड नसलेल्याला काहीच पाजायचं नाही. कपडे ढिले करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, दुपट्ट्यानं वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. साधा थकवा असेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा सपाट भरून.

चकवा

हे मला मुद्दाम सांगायचं आहे कारण शहरातली पोरं यावर हसतात. जंगलात माणूस फिरून फिरून त्याच मोहाखाली येते, याला आमच्याकडे चकवा लागला म्हणतात. जुन्यांचा उपाय असा की जागच्या जागी बसायचं, अंगातला सदरा काढून उलटा घालायचा, तंबाखू खायची, पाणी प्यायचं, मग उठायचं. भूत की काय ते सोडून द्या, पण २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिलं, जीपीएसनं माग ठेवला, तर सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की लोक खरंच गोल फिरले, आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच जाऊन राहिलो. म्हणजे चकवा खरा आहे. आणि आज सर्व्हायव्हलवाले जे शिकवतात, हरवलं कळल्याबरोबर थांबा, बसा, विचार करा, आजूबाजूला पाहा, मग ठरवा, तेच उलटा सदरा घालण्यात आहे. सदरा काढून घालेपर्यंत धडधड कमी होते, नजर स्थिर होते. मी दोनदा केलं आहे, तुम्ही पण करा, लाज वाटायचं काही कारण नाही.

बसल्यावर पुढं काय? जुनी रीत, कान लावायचा. कोंबडा, कुत्रं, बैलाच्या गळ्यातली घंटी, कुऱ्हाडीचा आवाज. खालचा पाला झाडून साफ केलेला मोह दिसला की समजा माणसं येऊन गेली, तिथून पायवाट निघतेच. नाला धरून खाली उतरलं तर बहुतेक वेळा वस्ती लागते, पण रात्री नाल्यानं चालू नका कारण वाघ-अस्वल पण नाल्यानंच चालतात. नवी रीत, फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालते, फक्त नकाशा घरूनच डाउनलोड करून आणायचा. आणि एक जी कोणत्याच विदेशी एक्स्पर्टला माहीत असायचं कारण नाही, वनविभागाच्या हद्दीच्या खांबावर कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, लिहिलेला असते. तो दिसला तर फोटो काढा, रेंज आली की १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर किंवा ११२ वर तो नंबर सांगा. बीट गार्डला "मोठं झाड आहे, बाजूला दगड आहे" सांगून काय समजणार, कक्ष नंबर सांगितला तर तो सरळ तिथंच येते.

खाणं

अमेरिकन सैन्याच्या पद्धतीत अनोळखी वनस्पती तपासायची एक टेस्ट शिकवतात, आधी कातडीला घासा, मग ओठाला, मग जिभेला, प्रत्येक वेळी थांबा, मग थोडंसं खा. ती सैनिकासाठी आहे जो शत्रूच्या मुलखात एकटाच पडला. तुमच्या गावात सत्तर वर्षांची आजी असताना ही टेस्ट करणं म्हणजे विहिरीजवळ बसून सोलर स्टिल करण्यासारखं आहे. आणि अळिंबीला तर ही टेस्ट चालतच नाही, विषारी अळिंबीचा त्रास काही वेळा दहा-बारा तासांनी सुरू होते, तेव्हा उशीर झालेला असते. वारुळावरच्या सात्या कोणत्या आणि फसव्या कोणत्या हे माझ्या मावशीला लांबूनच कळते, मला पंधरा वर्षं तिच्यासोबत जाऊन पण अजून तिला दाखवल्याशिवाय टोपलीत टाकायची हिंमत होत नाही. ही भीती चांगली आहे, ती ठेवा.

वास्त्यांचं उदाहरण घ्या. पावसात बांबूचे कोंब आणले की मावशी बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवते, सकाळी ते पाणी फेकून देते, मग उकळते, ते पण पाणी फेकते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "नाही तं कडू लागते अन् चक्कर येते". शास्त्र सांगते की कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो आणि चिरणं, भिजवणं, उकळणं यानं तो निघून जाते. कडू कांद नावाच्या रानकंदाचे काप वाहत्या पाण्यात ठेवतात ते पण विष धुवायलाच. नव्या माणसाची चूक इथं होते, तो 'बांबूचे कोंब खातात' एवढंच लिहून नेते आणि मधातल्या पायऱ्या राहून जातात. म्हणून म्हाताऱ्याकडून शिकताना काय खातात हे विचारून उपयोग नाही, पूर्ण काम डोळ्यानं पाहा, हातानं करा.

बिब्ब्याचं पण लक्षात ठेवा. पाश्चात्य पुस्तकात पॉयझन आयव्हीची चित्रं असतात, ती वेल आपल्याकडे नाही, पण बिब्बा त्याच कुळातला आहे आणि त्याचं तेल लागलं की फोड येतात. जुनी माणसं टाचेच्या भेगांना बिब्बा लावतात, तुम्ही लावू नका. बिब्ब्याचं लाकूड चुलीत पण घालू नका, धूर चेहऱ्याला लागते.

आग

आबाजींच्या लहानपणी चकमक होती, लोखंडाची पट्टी, गारगोटी आणि सावरीचा कापूस. फेरो रॉड म्हणजे तिचाच पुढचा भाऊ, त्यातला मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानं १९०३ मध्ये काढला. ओला झाला तरी ठिणगी देते, घ्या जवळ, चांगला आहे. पण श्रावणात ठिणगीचं करायचं काय, सगळं ओलं असते. तिथं सुकलेल्या बांबूच्या आतल्या बाजूचा बारीक कीस, सालईचा डिंक, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा, हे तीन कामाला येतात. उन्हाळ्यात मात्र आग पेटवायचीच नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारी ते जून सागाचा पाला असा वाळलेला असते की एका ठिणगीत पूर्ण डोंगर जाते, त्यात पक्ष्यांची घरटी, हरणाची पाडसं, आमचा तेंदू, सगळंच. आगीची प्रॅक्टिस करायची तर अंगणात करा.

साप

इथं मी कोणाचीच भीड ठेवत नाही. माझा एक काका मण्यार चावून गेला. रात्री जमिनीवर झोपला होता, चावल्याचं धड कळलं पण नाही, पहाटे पोट दुखते म्हणाला, मग पापण्या पडायला लागल्या, आणि तेव्हा त्याला दवाखान्यात न नेता गावाबाहेरच्या एका मांत्रिकाकडे विष उतरवायला नेलं. नऊ वाजेपर्यंत संपलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

मांत्रिकाकडे लोक बरे झालेले दिसतात त्याचं कारण हे की बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप पण प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांपैकी कोणी विष सोडलं तर फक्त प्रतिविष, म्हणजे एएसव्ही. सुरुवातीलाच साधारण १० वायल, म्हणजे औषधाच्या कुप्या, लागतात, ते सरकारी दवाखान्यातच जमते. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, बर्फ नाही, जडीबुटी नाही. अंगठी-कडं काढा, हातपाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालू देऊ नका, गाडीत घाला आणि निघा. साप मारायला, पकडायला थांबू नका. आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिडीओत दाब देऊन पूर्ण हाताला पट्टी बांधतात ती इथं करू नका, तिकडच्या सापांना ते चालते, आपल्याकडे घोणस-फुरशाच्या चाव्यात ती जागाच सडायची भीती असते. म्हणजे मॉडर्न एक्स्पर्ट पण दुसऱ्या देशाचा असला की चुकतो.

पण साप चावूच नये यात म्हातारे पुढं आहेत. बाजेवर झोपणं, काठी आपटत चालणं, मोळीखाली हात न घालणं, जोडा झटकून घालणं. त्यात फक्त मच्छरदाणी नीट खोचून घेणं आणि टॉर्च एवढी भर घाला.

वाघ, अस्वल

मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला, मार्च ते मे, सगळं गाव जंगलात असते आणि माणसं दगावतात ती पण बहुतेक याच दिवसांत. आमच्या बायका एकटीनं जात नाहीत, मोठ्यानं बोलत राहतात, एक जण उभी राहून पाहते कारण खाली वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. वानराचं खोकणं, चितळाची हाक, सांबराचा ढाँक, एक हाक झाली तर थांबा, सारख्या व्हायला लागल्या तर आल्या वाटेनं मागं फिरा. हे जुनं ज्ञान शंभर टक्के घ्या. अस्वल मोहाखाली पहाटे येते आणि दचकलं की सरळ तोंडावर येते, म्हणून उजाडल्याशिवाय मोहाखाली जाऊ नका.

म्हाताऱ्याकडून शिकायचं कसं

जाऊन मोबाईल समोर धरला तर काही सांगणार नाहीत. हंगामात जा, मोहाच्या दिवसांत टोपली घेऊन, पावसात वास्त्यांना, आणि आपल्या वाट्याचं काम करा. चहापत्ती, साखर, तंबाखू घेऊन जा. मजुरीचा दिवस मोडला तर मजुरी द्या. जंगल ग्रामसभेचं असेल तर ग्रामसभेला विचारा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून कितीतरी गावांना मिळाला, ते जंगल त्या लोकांचं आहे. वाघाच्या प्रकल्पात पायी घुसायचं तर नावच काढू नका.

विचारायचं ते असं की "हे कधी फसलं होतं?" चांगला जाणता लगेच सांगते, फलाण्या साली झिरा नाही लागला, अमुक अळिंबीनं जुलाब झाले. जो म्हणते कधीच फसत नाही, तो म्हातारा असो की लाखभर सबस्क्रायबरवाला, त्याला नमस्कार करून निघा.

आणि लिहा. मी एक वही ठेवली आहे, त्यात झाडाचं आमच्याकडचं नाव, महिना, कक्ष क्रमांक, कोणी दाखवलं, आणि नंतर डॉक्टरला किंवा कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांना विचारून काय कळलं ते बाजूच्या रकान्यात. आबाजींनी दाखवलेले सहा झिरे त्यात आहेत. यंदा मे महिन्यात जाऊन पाहिले, चार चालू होते, दोन कोरडे. त्यांना येऊन सांगितलं तर म्हणाले, वरच्या अंगाला उंबर होता तो कोणी तोडला का पाहून ये.